हौसामावशी, तुझी चौकट हिरवी होती

हौसामावशी, तुझ्या दहाव्याला सर आले होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात हार, मागून पाण्याची बाटली धरून ड्रायव्हर. अंगणातल्या ताडपत्रीखाली तुझ्या कुरवंडे गावची निम्मी माणसं बसली होती, त्यांनी उठून सरांना खुर्ची दिली. सर बसले नाहीत. तुझ्या फोटोला हार घातला आणि कुणी विचारलं नसताना बोलायला लागले. "मी मावशींना शेवटी पाहिलंय. चेहऱ्यावर काय समाधान होतं! शहरातल्या माणसाला अशी शांतता मिळत नाही."

लोकांनी माना हलवल्या. तुझी मंदा चुलीपाशी भाकऱ्या मोजत होती, तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

परतताना सरांनी मला त्यांच्या गाडीत बसवलं. नागफणीच्या फाट्यावर वळण घेताना ते म्हणाले, "वाईट झालं. पण परवाचा आपल्या मशीनचा कार्यक्रम पुढे ढकलता येणार नाही. चार हॉस्पिटलांची माणसं येतायत. तू सादरीकरणाची तयारी कर." मी "हो सर" म्हणाले. त्या "हो सर"मध्ये काय होतं ते त्यांना कळलं नाही. माझा चेहरा नीट होता. ते शिक्षण तुझंच.

हे सगळं तुला सांगायला बसले आहे. सरांचं नाव लिहीत नाही, माझ्या वकीलबाईंनी तसं बजावलंय. सर म्हणजे लोणावळ्याच्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट होते, तिथले संचालक, एवढं पुरे.

तुला आठवतंय, पहिल्यांदा आलीस तेव्हा मी तुला "तुम्ही" म्हणत होते. गवताचा भारा घेऊन उतरणीवर पडली होतीस, खांदा जाम झाला होता, हात कानापर्यंत जात नव्हता. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "तुमी तुमी काय करतीस, मी काय मामलेदार हाय?" तेव्हापासून तू. पर्यटकांच्या पॉइंटवर कणसं भाजून विकणारी, दोन खाचरांत भात लावणारी, नवरा गेल्यावर एकटीने पोरीचं लग्न इंदुरीला करून देणारी माझी पेशंट, आणि महिन्याभरात पेशंटच्या पलीकडची कुणीतरी.

एकदा मी तुझा हात वर नेत असताना तू विचारलंस, "घरी काय झालं?"

"काही नाही. का?"

"मगापासून त्यो टावेल चार येळा घडी घातलास."

त्या सकाळी मी घटस्फोटाच्या कागदांवर सही करून आले होते. तळेगावच्या घरात आई, शेजारी, लोणावळ्यात सगळा स्टाफ, कुणालाही माझ्याकडे पाहून काही कळलं नव्हतं. मी हसतमुख म्हणून प्रसिद्ध. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतंस. मी पडदा ओढला आणि तुझ्या दुखऱ्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. तू "आगं हळू" म्हणालीस आणि पाठीवर चांगल्या हाताने थोपटत राहिलीस. मी त्याबद्दल तुझे कधी आभार मानले नाहीत. आता मानते.

त्याच सुमारास सरांचा प्रकल्प सुरू झाला. व्हिडिओतल्या चेहऱ्यावरून माणसाला किती दुखतंय हे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं. जो पेशंट बोलू शकत नाही, ज्याची भाषा डॉक्टरला कळत नाही, त्याच्या कामी येईल, असं सरांनी पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. पेशंटना कॅमेऱ्यासमोर बसवायचं, त्यांचा दुखरा सांधा हलवायचा, रेकॉर्डिंग करायचं. मग आम्ही क्लिप पुढेमागे करत बसायचं. भुवया जवळ आल्या का, डोळे किती मिटले, नाकाशेजारी सुरकुती पडली का, वरचा ओठ उचलला का. त्यावरून शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. लेबल लावायचं. अशी पुष्कळ लेबलं पाहून मशीन शिकतं. आवाज बंद ठेवायचा, म्हणजे लेबल लावणाऱ्याच्या मनावर परिणाम होत नाही. या कामाची प्रमुख मी.

तुला मीच बसवलं कॅमेऱ्यासमोर. अंगठा नको, सही करते म्हणालीस आणि संमतीच्या कागदावर अर्धं पान भरेल एवढं नाव लिहिलंस.

तुझी क्लिप माझ्याकडे लेबलसाठी आली. फ्रेमच्या कडेला एक हात दिसतो, तुझं कोपर धरून वर नेणारा. तो माझा हात. तुझा स्नायू थरथरत होता तो माझ्या बोटांना कळत होता. आवाज बंद असला तरी तू काय म्हणालीस ते मला पाठ होतं, "लय दुखतंय पोरी, लय दुखतंय." आणि चेहरा? भुवया जागच्या जागी. डोळे उघडे. ओठांवर हसू, पॉइंटवर गिऱ्हाईकाला कणीस देताना असतं तेच.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "तू तिला ओळखतेस म्हणून तुझा गोंधळ होतोय. चेहऱ्यावर जे दिसतं तेच लिही. एकदा अपवाद केलास की सगळा डेटा बिघडेल."

मी परत येऊन शून्य लिहिलं. पूर्ण शुद्धीत लिहिलं. त्या आठवड्यात माझ्या दारावर नावाची पाटी लागणार होती, हेही इथे सांगते.

आपलं भांडण झालं ते यावरूनच. मी मोठ्या कौतुकाने लॅपटॉपवर तुला तुझी क्लिप दाखवली. तुझ्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट.

"ह्ये कोपऱ्यात काय ल्हिवलंय?"

"शून्य. म्हणजे दुखत नाही."

तू हसलीस, मग थांबलीस. "माज्या खांद्याला इचारलंस का?"

"मावशी, मशीन फक्त चेहरा बघतं. तू हसत होतीस ना."

"मग काय करू? नवी नवरी हुते तवा चुलीत हात भाजला, तोंड वाकडं केलं, तर सासू म्हनली नाटकं करतीया. तवापासनं न्हाई केलं. आन् रडक्या तोंडाच्या बाईकडनं कणीस कोन घेतंय?" मग तू पडद्यावर बोट ठेवलंस, खाली. "तोंडाकडं काय बगतीस? पायाकडं बग."

मी मूळ व्हिडिओ उघडला. त्यात तू पूर्ण दिसत होतीस. तुझ्या पायाची बोटं फरशीत रुतल्यासारखी वळली होती, अंगठा शेजारच्या बोटावर चढला होता. मी हात वर नेला की वळायची, खाली आणला की सुटायची. इतकं स्पष्ट. पेशंटचा चेहराच बघायचा असतो हे इतकं डोक्यात बसलेलं, की समोर उभी राहूनही मला ते दिसलं नव्हतं.

मी पुन्हा सरांकडे गेले. ते म्हणाले, पुढे कॅज्युअल्टीच्या काउंटरवर कॅमेरा बसणार आहे, त्यात पाय येणार नाहीत, तेव्हा पायांचा उपयोग नाही. मी त्यांना ईमेलही केली. हसऱ्या चेहऱ्याचे पेशंट मशीनला कळणार नाहीत, आणि आपल्याकडे गावातून येणाऱ्या कितीतरी बायका अशाच आहेत, असं लिहिलं. दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही आणि मी तिसऱ्यांदा लिहिलं नाही.

तुला म्हणाले, "पुढच्या वेळी सुधारू."

"म्हंजी कवा?"

मी दुसऱ्या पेशंटकडे वळले.

दिवाळीनंतर कॅज्युअल्टीच्या काउंटरवर कॅमेरा बसला. पेशंट समोर आला की पडद्यावर चेहऱ्याभोवती चौकट. लाल असेल तर लगेच आत, पिवळी असेल तर लवकर, हिरवी असेल तर बसा. रंगाप्रमाणेच पेशंट आत घ्यायचे, असा लेखी आदेश सरांच्या सहीने भिंतीवर लागला.

त्या दिवसाचं मला काउंटरवरच्या शोभा सिस्टरने सांगितलं. तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा रडत. तू सकाळी साडेनऊला वडापच्या जीपमधून एकटी उतरलीस. काउंटरला धरून उभी राहिलीस. "सिस्टर, पोटात लय दुखतंय," म्हणालीस आणि हसलीस. चौकट हिरवी. सिस्टर म्हणाली, मावशी बसा, नंबर येईल. तू विचारलंस, "फिजिओच्या म्याडम हायेत का वर?" सिस्टरने मला फोन केला. मी वरच्या मजल्यावर सरांसमोर कार्यक्रमाची तालीम करत होते. फोन बंद करून बॅगेत ठेवला होता. तुझ्या डोक्यावर दहा-बारा फुटांवर मी सांगत होते की हे मशीन माणसाच्या वेदनेला न्याय देतं.

तू अडीच तास बसलीस. मधे दोनदा उठून काउंटरवर गेलीस. दोन्ही वेळा हिरवी. सिस्टर म्हणते, तिसऱ्यांदा उठलीस ती उभी राहिलीच नाहीस. तू पडलीस तेव्हा पडद्यावर "चेहरा सापडला नाही" असं आलं.

खांद्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या तू उपाशीपोटी घेत होतीस. मी ओरडले होते तुझ्यावर, तू लपवून घेत राहिलीस. जठराला भोक पडलं होतं. ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेर आले आणि भिंतीकडे बघत मला म्हणाले, "दोन तास आधी मिळाली असती तर." आयसीयूत मी तुझ्या पायापाशी बसून होते. पाय सैल पडले होते. पहिल्यांदा तुझ्या कपाळावर आठी पाहिली मी, बेशुद्धीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. मी तुझी माफी मागितली नाही. तू ऐकत नसताना मागायची मला लाज वाटली.

आता पुढचं. हे मात्र तुला आवडेल.

माफ करण्यावरून आपण किती वाद घातलाय! तुझ्या दिराने बांध सरकवून हातभर खाचर आत घेतलं, त्याला वीस वर्षं झाली असतील. तू त्याच्या घरच्या प्रत्येक लग्नाला गेलीस, अक्षता टाकल्यास आणि त्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिता परत आलीस. मी म्हणायचे, मावशी, सोडून दे आता, म्हातारा झालाय तो. तू म्हणायचीस, "मी का सोडू? त्यानं बांध सोडला का?" मला ते खुनशीपणाचं वाटायचं. मी पुण्याच्या कॉलेजात शिकलेली, मोठ्या मनाची बाई. दहाव्याला तुझा दीर पानावर बसला होता, मंदाने त्याला वाढलं नाही, दुसऱ्या कुणालातरी वाढायला सांगितलं. तेव्हा ते मला पहिल्यांदा बरोबर वाटलं. त्या दुपारी सरांच्या गाडीत बसून मी ठरवलं, की तुझ्या बाजूने आता मी कुणालाच काही सोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी इंदुरीला गेले. मंदा गोठ्यात होती. काय करणार आहे ते सांगितलं, आणि आईचा व्हिडिओ चारचौघांत दाखवायला तिची परवानगी मागितली. शेणाचे हात तसेच धरून ती ऐकत राहिली.

"आईचा आवाज हाय का त्यात?"

"आहे."

"मला आदी ऐकव."

मी मोबाइलवर लावला. "लय दुखतंय पोरी." मंदाने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "दाखव. आन् मी बी येनार."

कार्यक्रम एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये होता, खिडकीतून दरी दिसणारा. समोर बाहेरच्या हॉस्पिटलांचे डॉक्टर, त्यांच्यासमोर फुलदाण्या. सरांनी माझी ओळख "आमच्या प्रकल्पाचा कणा" अशी करून दिली. मी माइक हातात घेतला. भीती वाटत नव्हती. खरं सांगू? मजा वाटत होती. इतकी मजा मला कित्येक वर्षांत वाटली नव्हती.

मी म्हणाले, "आधी आपलं मशीन काय बघतं ते पाहू." पडद्यावर तुझा चेहरा, नुसता चेहरा, आवाज बंद. हिरवी चौकट, शून्य. "ही पेशंट मजेत आहे," मी म्हणाले. दोघंतिघं हसले. "आता हीच क्लिप पूर्ण बघू."

हॉलभर तुझा आवाज झाला. "लय दुखतंय पोरी, लय दुखतंय." मी व्हिडिओ थांबवून तुझे पाय मोठे करून दाखवले. मग सोडला, मग पुन्हा थांबवला. तीनदा. कोपऱ्यातलं शून्य तसंच होतं. मी म्हणाले, "हे शून्य मी लावलंय. हे चुकतंय असं मी सरांना दोनदा लेखी कळवलंय," आणि त्या दोन ईमेल पडद्यावर टाकल्या, तारखांसकट.

पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरबाईंनी विचारलं, "ही पेशंट आता कशी आहे?"

मागच्या दारातून मंदा म्हणाली, "न्हाई ऱ्हायली. तुमच्या ह्या यंत्राम्होरं अडीच तास बसली हुती. माजी आई हाय ती."

मी सरांकडे पाहत होते. मला तेच पाहायचं होतं. इतके महिने मी माणसांच्या चेहऱ्यांचा एकेक स्नायू निरखण्यात घालवले, ते सगळं शिक्षण मी त्या माणसावर वापरलं. आधी भुवया वर गेल्या आणि एकमेकींकडे ओढल्या गेल्या. खालचा ओठ आडवा ताणला. मान आत गेली. मी मनातल्या मनात लेबल लावलं, भीती, नऊ. दहा लिहिलं नाही, कारण माझं अजून संपलं नव्हतं. मी म्हणाले, "सर, दहाव्याला तुम्ही म्हणालात की मावशींच्या चेहऱ्यावर समाधान होतं. या मंडळींना परत सांगता का?"

ते माइककडे आले. "हे बघा, कुठल्याही यंत्रणेत काही टक्के..." एवढंच म्हणाले. त्या डॉक्टरबाईंनी पर्स उचलली. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज सुरू झाला. चारांपैकी एकाही हॉस्पिटलने मशीन घेण्याच्या करारावर सही केली नाही. फुलदाण्यांमध्ये सर एकटे उभे राहिले आणि मी ते शेवटपर्यंत उभी राहून पाहिलं. त्याबद्दल मला अजून जराही वाईट वाटलेलं नाही.

मला त्याच दुपारी कामावरून काढलं. शोभा सिस्टरने संध्याकाळची ड्यूटी सुरू करताना स्टुलावर चढून कॅमेऱ्यावर प्लास्टरची चिकटपट्टी मारली आणि कुणाची काढायची हिंमत झाली नाही. आठवड्यात कॅमेराच गेला. सरांनी मला वकिलाची नोटीस पाठवली, मग एका ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवला, मावशी किती साध्या होत्या, त्यांना असलं काही आवडलं नसतं. मी निरोप आणणाऱ्याला म्हणाले, "तुम्ही मावशींच्या दिराला भेटा एकदा."

पण रागाने सगळं भागत नाही, मावशी. मी आता तळेगावात घरीच दोन खोल्यांत पेशंट बघते. काल एक बाई आली, कंबर धरून, तोंडभर हसत. मी आधी तिला चपला काढायला लावल्या. ती विचारत राहिली, कंबर दुखतेय, पाय कशाला बघता? तुझ्याशी बोलायचं होतं तेव्हा. फोन हातात घेऊन तुझं नाव काढलंसुद्धा.

परवा मंदा माझ्याकडे आली होती. तक्रारीचा अर्ज वकीलबाईंनी तयार करून दिलाय. कुणाच्या चुकीमुळे हे घडलं, त्याखाली दोन नावं आहेत. पहिलं सरांचं. दुसरं माझं. वकीलबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही साक्षीदार आहात, स्वतःला आरोपी कशाला करता. मी तरी घातलं. ज्या हाताने तुझं कोपर धरलं होतं, त्याच हाताने शून्य लिहिलं, आणि ते मला माहीत होतं.

मंदाने अर्ज बोट फिरवत सगळा वाचला. दुसऱ्या नावावर तिचं बोट थांबलं.

"तुजं नाव कशाला?"

मी सांगितलं. क्लिप, पाटी, बॅगेतला फोन, सगळं. समोर पेन पडलं होतं. ती ते नाव खोडेल, असं मला वाटत होतं. खोटं कशाला बोलू, तिने खोडावं असं वाटत होतं. तुझ्या घरचं कुणीतरी म्हणावं की जाऊ दे, तू आमचीच आहेस.

मंदाने पेन उचललं. दोन्ही नावांखाली, अर्धं पान भरेल अशी सही केली. मग पेनाला टोपण लावून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "च्या ठेव. माजी पाचची गाडी हाय."

मी चहा ठेवला. ती प्यायली नाही.